कझाकस्तानची तयारी

गेल्या डिसेंबरात शेळके सर रोज सकाळी दूध डेअरीच्या कोल्ड रूममध्ये जाऊन बसत. डेअरी भिंगारच्या अलीकडे, आणि तिचा मॅनेजर बापू हा सरांचा कोल्हारचा शाळासोबती, म्हणून हे चालायचं. दुधाच्या क्रेटवर पोतं टाकून सर बसत. अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर, हातात पुस्तक. मधूनमधून बापू दार किलकिलं करून विचारी, "मास्तर, हाय का गेला?"

"हाय. दार लाव, थंडी बाहेर चाललीय."

कझाकस्तानातल्या एका विद्यापीठाला इंग्रजी शिकवायला माणूस हवा होता. सरांनी अर्ज केला होता आणि आता अंगाला थंडीची सवय लावत होते. "देश कोन्ताबी असो, तयारी पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जपानला अर्ज केला तेव्हा महिनाभर खराट्याच्या दोन काड्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली. ओमानच्या वेळी मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर जाऊन बसायला लागले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला फोन केला, "तुमच्या सरांना काय झालंय का वो?"

काही झालेलं नव्हतं. सर इंग्रजीत पीएच.डी. आहेत आणि आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. मीही तिथेच, तशीच. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल त्या तासाचेच पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. आणि दर जूनला त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर पुन्हा मुलाखत. जागा रिकामी आहे, काम आहे, शिकवणारा माणूस आहे. कायमची नेमणूक तेवढी नाही. याला व्यवस्था म्हणतात. मी चोरी म्हणते, आणि आमच्या संघटनेच्या पत्रकांत तसंच छापते. सरांचं लग्नही याच तत्त्वाने राहिलं. दर जूनला बेकार होणाऱ्याला मुलगी कोण देतो?

मोर्चाला चला म्हटलं की सर पत्रकाची नीट घडी घालून खिशात ठेवत. "पुढारीणबाई, तुमचं बराबर हाय. पर मी आता चाललोय." हे 'चाललोय' मी कॉलेजात आल्यापासून ऐकत होते.

कझाकस्तानवाल्यांनी मात्र खरंच बोलावणं धाडलं. अर्ध्या तासाचा वर्ग ऑनलाइन घेऊन दाखवा, विद्यार्थी खरे हवेत, भाषा फक्त इंग्रजी. कॉलेजने हॉल दिला नाही. मग एका रविवारी सरांच्याच खोलीत सतरंजी अंथरली. दुसऱ्या वर्षाची पाच-सहा मुलं बसली. स्टुलावर लॅपटॉप, त्यात निवड समितीचे तिघे. मी दारात मोबाईल धरून उभी, कारण नेट माझं होतं.

सरांनी मुलांना सांगितलं, प्रत्येकाने मला एक प्रश्न विचारायचा. मुलांनी पाठ केलेले प्रश्न टाकले: आवडता खेळ कोणता, आवडता रंग कोणता. सर कोटाची बटणं लावून ऐटीत उत्तरं देत होते. मग जेऊरची शारदा उठली. ही मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही. "सर, हू..." म्हणाली आणि थांबली.

पडद्यावरचे तिघे वाट पाहत होते. मी हाताने खुणावलं, पुढच्याला घ्या. सरांनी मला पाहिलं, लॅपटॉपकडे पाठ केली आणि शारदेला खाली बसवून तिच्यासमोर सतरंजीवर मांडी घातली.

"आदी आपल्या भाषेत सांग. काय इचारायचंय?"

"तुमी गेल्यावर आमाला कोन शिकवनार?"

सरांनी तोच प्रश्न तिच्याकडून इंग्रजीत जुळवून घेतला, एकेक शब्द करत. ती चुकायची, हे थांबायचे. शेवटी तिने तो अख्खा म्हटला, मान वर करून. आता उत्तराची पाळी सरांची. ते उठले, कोट सरळ केला आणि इंग्रजीत म्हणाले, मला माहीत नाही. वेळ संपली होती.

गेली नोकरी, असं म्हणत मी घरी आले. आठवड्याने मेल आला: निवड झाली. समितीतल्या बाईंना नेमकं तेच शिकवणं आवडलं होतं. रुजू व्हायचं होतं फेब्रुवारीत. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं, 'परदेशाला कळलं, तुम्हाला कधी कळणार?', आणि चार दिवसांनी छापलेला गठ्ठा घेऊन सरांकडे गेले.

"छापलं बी?" सर म्हणाले. "जरा इचारायचं तरी."

सरांनी कझाकस्तानला परस्पर कळवलं होतं, एप्रिलात मुलांच्या परीक्षा झाल्या की येतो. तिथले वर्ग फेब्रुवारीत सुरू होणार होते. विद्यापीठाने दुसरा माणूस घेतला.

"कॉलेजने अडवलं?"

"कॉलेजला काय म्हायती हाय?"

माझा तोल गेला. "सर, हे लोक तुम्हाला सुट्टीत ओळखतसुद्धा नाहीत. आणि तुम्ही यांच्यासाठी थांबताय?"

"त्येंच्यासाटी कोन थांबलंय?" सर म्हणाले. "शारदेनं नीट इंग्रजीत इचारलं. मला उत्तर देता आलं न्हाई. पोरांचं एवढं वरीस निघू द्या."

"जूनला नवी पोरं येतील, सर."

"व्हय," ते म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.