पाचव्या खाचेपर्यंत पाणी

भरमूअण्णा लग्नाला गेले की नवरी बघत नाहीत. मांडवामागं जाऊन गटाराचं चेंबर बघतात. निपाणीच्या एका लग्नात पहिली पंगत बसायच्या आधीच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, बासुंदी घिऊ नका. बूड लागलंय. भांडी धुतल्याल्या पाण्याला करपट वास हाय." मी ऐकलं नाही. चांगली वाटीभर घेतली आणि दुसऱ्या घासाला त्यांच्याकडं बघितलं, तर ते पापड मोडत गालात हसत होते.

मच्छे गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेत मास्तरीण, टिळकवाडीला. अण्णा लष्कराच्या छावणीतल्या मैलापाण्याच्या पंपावर. सगळ्या छावणीचं सांडपाणी ज्या मोठ्या विहिरीत जमतं तिथं त्यांनी अख्खा जन्म काढला. विहिरीत सोडायला त्यांची एक बांबूची काठी. तिच्यावर विळ्यानं पाडलेल्या पाच खाचा. पहाटे पाणी पाचव्या खाचेला लागलं की पंप सुरू करायचा. का? तर त्या वेळी नवी भरती झालेली शेकडो पोरं एकदम आंघोळीला लागतात.

ही विद्या त्यांनी छावणीतच ठेवली असती तर माझी हरकत नव्हती. पण रोज सकाळी दात घासत यायचे आणि आमच्या दारातल्या चेंबरचं झाकण उचलायचे. "बाई, रात्री ताक ओतलासा न्हवं? आंबलं हुतं काय?" भर गल्लीत! कधी म्हणायचे, "पोरगी आली वाटतं हॉस्टेलवरनं. शाम्पू आलाय." मी एकदा चांगली भडकले. "अण्णा, लाज वाटत नाही का दुसऱ्याच्या मोरीत डोकावायला?" तर म्हणाले, "माणूस लपवंल बाई, मोरी न्हाय लपवत."

एवढं बोलून गप्प बसले असते तर मी आणखी चार शब्द सुनावले असते. पण पुढं म्हणाले, "आज आत्तीची आंघोळ न्हाय झाली. त्येंच्या शिकेकाईचं पाणी आलं न्हाय. बरं न्हाय काय त्येस्नी?" मी आत जाऊन बघितलं. सासूबाई पांघरूण घेऊन पडलेल्या, अंगात ताप. घरात आम्ही सगळी होतो, कुणाला पत्ता नव्हता.

अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. लेक गुंजीला दिलेली, ती सणावाराला येते. बाकी घरात अण्णा आणि त्यांची काठी.

तर गेल्या वर्षी छावणीनं मैलापाण्याचं सगळं काम एका खाजगी कंपनीला दिलं. पंप, पाइपलाइन, विहीर, सगळंच. कंपनीचा तरुण इंजिनिअर आला, यादी वाचत गेला, अण्णा एकेक वस्तू देत गेले. किल्ल्या, बॅटरी, गमबूट. काठी यादीत नव्हती, म्हणून ती घरी आली.

अण्णांना एकच हवं होतं. कंपनीनं आपल्याला ठेवून घ्यावं. "पगार न्हाय दिला तरी चालतंय," म्हणायचे, "सकाळी दोन तास हुबं ऱ्हाऊ दे, बास." कंपनीचा फोन येईल म्हणून मोबाइल खिशात घालून अंगणात बसायचे. आंघोळीला जातानासुद्धा फोन माझ्या हातात देऊन जायचे. त्यावर लेकीशिवाय कुणाचा फोन आला नाही.

एका सकाळी म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीवरनं पंपापातूर सोडा की." काठी आडवी धरून मागं बसले. येणारेजाणारे वळून बघत होते आणि मी मनातल्या मनात अण्णांचा उद्धार करत होते.

पंपाच्या कुंपणाजवळ बघतो तर रस्ता खणलेला. एक नाही, तीन खड्डे. इंजिनिअर घामाघूम. विहिरीत येणारं पाणी दोन दिवसांत निम्म्यावर आलेलं, कॉम्प्युटर लाल दिवा दाखवतोय, म्हणजे कुठंतरी पाइप फुटलाय असा त्यानं हिशेब केलेला. चौथा खड्डा सुरू व्हायचा होता.

अण्णा तारेपलीकडूनच ओरडले, "फुटलं न्हाय वो सायेब काय! पोरांचं ट्रेनिंग संपून कसम परेड झाली न्हवं परवा? पोरं गेली आपापल्या पलटणीला. आता आंघोळ कोण करणार? नवी भरती येईस्तोवर दुसरीच खाच!"

इंजिनिअरनं आत छावणीत फोन लावला. विचारलं. मग कपाळावर हात मारला आणि खोदाई थांबवली.

अण्णांचा चेहरा असा फुलला, मी कधी बघितला नव्हता. काठी सरळ धरून उभे राहिले. "मग सायेब, उद्यापासनं येऊ न्हवं?"

पोरगा तसा चांगला होता. मान वाकवून हसला. "नको अंकल, आता तुम्ही सांगितलेलं सिस्टीममध्ये टाकतो. पुढच्या वेळी आपोआप कळेल. थँक्यू हं."

मला लई वाईट वाटलं. शाळा बुडवली आणि अण्णांना घरी घेऊन आले. वाटेत एकदाच बोलले. "एकाचंबी तोंड बगितलं न्हाय बाई मी. पर सकाळी पाणी चढलं की कळायचं, पोरं उठल्यात, बरी हायत. घर भरल्यावानी वाटायचं."

त्यानंतर अण्णांनी आठ-दहा दिवस दारच उघडलं नाही म्हटलं तरी चालेल. मग आमचा नळ गेला. आमच्याकडं तो जातो तेव्हा जातोच. संध्याकाळी अण्णा फाटकात उभे. "माझी टाकी भरल्याली हाय. उद्या सगळी आंघोळीला या. आत्तीलाबी आणा."

सकाळी आम्ही टॉवेल-साबण घेऊन वरात काढली. अण्णा आपल्या चेंबरचं झाकण उघडून, काठी आत सोडून स्टुलावर बसलेले. सासूबाई झाल्या, आमचे हे झाले, सुट्टीला आलेली पोरगी गेली. अण्णा बाहेरून, "सावकाश कर गं, घाई न्हाय." शेवटी मी. एरवी तांब्याभर पाणी सांडलं तर मी घर डोक्यावर घेते. त्या दिवशी आंघोळ झाल्यावर एक भरलेली बादली उगाचच मोरीत ओतली. बाहेरून आवाज आला, "आलं बगा!"

त्याच दुपारी आमचा नळ आला. आम्ही अण्णांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत टॉवेल खांद्यावर टाकून त्यांच्या दारात, आणि तेव्हापासून रोजच.

आता आमच्याकडं अण्णा झोपल्यावर रात्री भांडी घासली जातात, कपडे धुतले जातात. नळ आलाय हे कळायला अण्णांना आमच्या चेंबरचं झाकण एकदा उचललं तरी पुरे. पण त्या दिवसापासून त्यांनी ते उचललेलं नाही.