अंतरपाट कुठल्या सॅकमध्ये?

लेकीच्या, केतकीच्या लग्नाचा अंतरपाट येलहंक्याला घरीच राहिला, हे दामोदरपंतांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगलाच्या कार्यालयात पोचल्यावर कळलं. त्यांच्या आईच्या हातचं भरतकाम होतं ते. घरातलं प्रत्येक लग्न त्याच्याच आड लागलेलं. बायकोला, म्हणजे नयनाताईंना सांगण्याची छाती कोणाची? पंतांनी गुपचूप शेजारच्या शिवकुमारांना फोन लावला. घराची किल्ली त्यांच्याकडेच होती आणि ते अजून निघायचे होते.

आता गंमत अशी की, दोघांत दोन दिवस अबोला होता. कारण काय, तर दोन सॅक! पाठीवरच्या, दोन पट्ट्यांच्या सॅकमध्ये अंतरपाट भरताना पंत म्हणाले होते, "हॅवरसॅक बरी. ती खांद्यावर लटकवायची नॅपसॅक नको."

निपाणीचे, वायुदलातून निवृत्त झालेले शिवकुमार भडकलेच. "उलटं बोलताय! एका खांद्यावर लटकते ती हॅवरसॅक. पाठीवरची ती नॅपसॅक."

"हीच हॅवरसॅक पाठीवर घेऊन जन्मभर गड चढलोय मी!"

"मग जन्मभर चुकलात!"

तपासणीसाठी दोन्ही सॅक सोफ्यावर रिकाम्या झाल्या, पुन्हा भरल्या, चहा निवला, पण कोणी हटेना.

पण अडला हरी! पंतांनी अभिमान गिळला आणि फोनवर शिवकुमारांचाच शब्द वापरला. "सोफ्यावरची नॅपसॅक तेवढी आणा हो."

"सरी, ठीक आहे, आलोच!" शिवकुमार विरघळले. मुलीचा बाप आहे बिचारा, आज तरी त्याच्या भाषेत ऐकावं, म्हणून त्यांनी खांद्यावरची उचलली.

ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन ते पोचले, तेव्हा मुहूर्त तोंडावर आला होता. सॅकमधून निघाला टॉर्च, मफलर आणि चिवड्याचा डबा.

"अहो, नॅपसॅक म्हटलं होतं मी!"

"तुमची नॅपसॅक हीच ना?"

"पण मी तुमची म्हटली होती!"

"आणि मी तुमची आणली!"

"अंतरपाट आणा!" भटजींनी हाक दिली.

दोघं खाली मान घालून नयनाताईंपुढे उभे राहिले. ताईंनी खांद्यावरच्या कापडी पिशवीत हात घातला आणि अंतरपाट काढला.

"सोफ्यावर तुमचा बाजार मांडलेला, तेव्हाच उचलला मी. आता धरा दोघं दोन टोकं. आणि भावजी, अक्षता पडेपर्यंत एक शब्द नाही!"

पंतांना रडूच आलं. दोघांनी टोकं धरली. मंगलाष्टकं संपली, आता एकाने सोडायचं, दुसऱ्याने ओढून घ्यायचं.

"तुम्ही ओढा," पंत कुजबुजले.

"छे छे, मान तुमचा."

आणि दोघांनीही एकदमच सोडला. अंतरपाट नवरानवरीच्या पायांवर पडला. केतकीने तो हसत ओलांडून हार घातला. नयनाताईंनी तो उचलला, झटकला, घडी घातली आणि पुन्हा आपल्या पिशवीत ठेवला.