माईंचे ‘नंतर’

घरातल्या संगणकाची प्रणाली बदलण्याचा निर्णय माईंनी शनिवारी सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केला, आणि सूनबाईंच्या हातातला चमचा खणकन बशीत पडला.

“उद्या अकरा वाजता अपग्रेड,” माई म्हणाल्या. “मेकॅनिकला मी स्वतः फोन केला आहे.”

“आई, एवढी काय घाई आहे?” वर्तमानपत्राआडून मुलाचा आवाज आला.

“घाई? अकरा महिने तूच माझ्या मागे लागला होतास ना?”

वर्तमानपत्र आणखी वर सरकले.

गेले अकरा महिने रोज सकाळी नऊला पडद्यावर निरोप उमटत असे: नवी प्रणाली तयार आहे; आता की नंतर? माई चष्मा लावून तो पूर्ण वाचत आणि ‘नंतर’ दाबत. बत्तीस वर्षे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला एका यंत्राने कामे सांगावीत, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. अलीकडे मात्र यंत्राला वळण लागू लागले होते. निरोपात ‘कृपया’ आले होते, मागाहून ‘आपल्या सोयीने’ही आले. फक्त रविवारी निरोप साडेदहाच्या आत येत नसे, एवढीच काय ती खोट.

‘नंतर’चे खरे कारण मात्र निराळे होते. माईंचे यजमान जहाजावर इंजिनिअर होते. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी घरी तीनशे चाळीस पत्रे लिहिली. त्यांत मुख्यतः इंजिनाची प्रकृती आणि हरवलेले मोजे यांचीच हकीकत असे. परंतु प्रत्येक पत्राच्या शेवटची एक ओळ केवळ माईंसाठी असे. आता शाई उडत चालली होती. काही पत्रे तर माईंखेरीज कोणाला वाचता येत नव्हती, कारण माई ती आठवणीनेच वाचत. म्हणून त्या रोज एक पत्र संगणकावर उतरवत. दोनशे एक्क्याण्णव झाली होती, आणि तीही एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये. शेजारच्या दंतवैद्यांनी प्रणाली बदलली, तेव्हा त्यांच्या आत्मचरित्राचे नुसते चौकोन झाले होते. आत्मचरित्र त्यामुळे सुधारलेच, असे माईंचे मत होते. पण पत्रांचे तसे होऊन चालणार नव्हते.

आता जुन्या प्रणालीचे संरक्षण महिनाअखेर संपणार असल्याचे त्यांनी वाचले होते, आणि बिनकुलपाच्या घरात यजमानांची पत्रे ठेवणे त्यांना पटेना.

शनिवारभर तयारी चालली. आधी सगळी पत्रे छापायची ठरली. दोनशे पत्रांनंतर प्रिंटरची शाई संपत आली आणि पुढची पत्रे मुळाहून फिकी निघाली. मग तीन पेन ड्राइव्ह भरले गेले: एक माईंच्या पर्समध्ये, एक मुलाच्या खिशात आणि तिसरा तांदळाच्या डब्यात. संध्याकाळी भात सूनबाईंनी फार जपून केला. स्वयंपाकघरात मुलगा आणि सूनबाई दिवसभर कुजबुजत होती. माईंनी ते हेरले. पण घाबरली असतील बिचारी, असे समजून सोडून दिले.

रविवारी अकराला मेकॅनिक आला. माई त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या, परीक्षेच्या दालनात राहत तशा.

“हं, करा सुरू.”

मेकॅनिकने दोन ठिकाणी टिचकी मारली आणि मान वळवली. “माई, कशाचं अपग्रेड करायचं म्हणालात?”

“प्रणालीचं.”

“पण ही नवीच आहे की! बावीस दिवस झाले.”

माईंनी वाकून पडदा न्याहाळला.

“सूनबाई,” माई म्हणाल्या, मागे न वळताच.

“आई, मी टेबल पुसत होते हो! फडक्याखाली माऊस आला आणि ते ‘आता’ कधी दाबलं गेलं, कळलंच नाही. तुम्ही डोळे तपासायला गेला होतात. दोन तास नुसतं गोल गोल फिरत होतं, आणि वर लिहिलेलं, बंद करू नका!”

“म्हणून त्या दिवशी तू मला तळ्याला वळसा घालून घरी आणलंस?” माईंनी मुलाकडे पाहिले. “चष्म्याच्या तीन दुकानांत फिरवलंस! मला वाटलं, लेकाला माया आली.”

“माया होतीच गं,” मुलगा म्हणाला. “पण इकडे सगळी पत्रं चौकोन झाली होती. फोनवर ही नुसती रडत होती. मग रात्री तू झोपल्यावर मी तुझा जुना फॉन्ट परत घातला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पडद्यावर चित्रसुद्धा तेच लावलं.”

“आणि रोज नऊचा निरोप?”

मुलाने मान खाली घातली. “मी पाठवतो. मोबाइलवरून. तो आला नाही तर तुला संशय आला असता.”

“म्हणजे ते ‘कृपया’…”

“माझं.”

“आणि रविवारी साडेदहा?”

“रविवारी मी उशिरा उठतो, आई.”

माई खुर्ची ओढून बसल्या आणि सतरावे पत्र उघडले. इंजिन बरे होते. मोज्याचा एक पाय सापडत नव्हता. शेवटी, काना-मात्रेसकट, ती ओळ होती: ‘येथे समुद्र पुष्कळ आहे, तुझा आवाज मात्र नाही.’

त्यांनी चष्मा काढून पुसला. खांदे सैल झाले. बावीस दिवस आपण नव्या प्रणालीवर बसून जुनीचे गोडवे गात होतो, आणि एक अक्षरही हरवले नव्हते. अकरा महिन्यांची धास्ती त्यांच्या नकळत सरून गेली होती.

“मेकॅनिकला चहा द्या,” त्या म्हणाल्या. “तांदळातला पेन ड्राइव्ह काढा. आणि काय रे…”

“काय आई?”

“निरोप बंद करायचा नाही. रविवारीसुद्धा नऊ म्हणजे नऊ.”

पुढच्या रविवारी बरोबर नऊला पडदा उजळला. ‘कृपया, आपल्या सोयीने: आता की नंतर?’ शेजारच्या खोलीतून एक लांबलचक जांभई ऐकू आली. माईंनी निरोप पूर्ण वाचला, थोडा विचार केला आणि समाधानाने ‘नंतर’ दाबले.