एका धुलाईखोलीत दोन फ्रेमवर्क

"एका जावा प्रोजेक्टमध्ये दोन फ्रेमवर्क? सहज नांदतील!" मी गुनवोरला छातीठोकपणे सांगितलं.

गुनवोर स्वीडनमधल्या आमच्या नोर्शोपिंगच्या गृहसंस्थेची अध्यक्ष. तळघरातल्या सामायिक धुलाईखोलीची वेळ ज्या वेबसाइटवर नोंदवतात, ती माझ्या बाबांनी, रुने यांनी, लिहिलेली. बाबा फेब्रुवारीत गेले.

"फोनवर ती नीट दिसत नाही," गुनवोर म्हणाली. "पुसून नवी लिही."

"बाबांची पानं राहू देत. फोनची पानं नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे नव्या तयार सांगाड्यावर, शेजारी बसवते."

"बरं. पण एक जरी घोळ झाला, तर गुरुवारच्या सभेत रुनेचं सगळं काढून टाकायचा ठराव आणीन!"

बाबांच्या प्रोग्रॅममध्ये त्यांचीच एक टीप होती: 'नोंदींची यादी सुरुवातीला एकदाच वाचतो. दुसरं कोणी तिच्यात लिहीत नाही.' मी ती तीनदा वाचली. बाबांचा आवाज ऐकू आला, अर्थ डोक्यात शिरला नाही.

गुरुवारी सकाळी तळघरात आरडाओरडा! जिन्यात शेजाऱ्याची चाहूल लागली तर भेट टाळायला दाराआड थांबणारी माणसं, आता एकाच मशीनवर हात ठेवून नाकाला नाक लावून उभी!

"नऊ ते बारा माझी वेळ आहे!" गुनवोर ओरडली.

"माझीही! हे बघ, फोनवर," तिसऱ्या मजल्यावरचा सिक्स्टन म्हणाला.

"चादरी बाहेर काढ तुझ्या!"

"हात तर लावून बघ!"

दुपारपर्यंत प्रत्येक वेळेला दोन मालक निघाले. दारावर चिठ्ठी लागली: 'प्रिय शेजारी, माझे ओले मोजे जमिनीवर मांडल्याबद्दल हार्दिक आभार!'

मी प्रोग्रॅम उघडला. बाबांचा भाग आपली यादी धरून बसलेला, माझा आपली. एकमेकांना विचारायची सोयच मी केली नव्हती!

सभेत कॉफी गार झाली, कुणी गोड पावाला हात लावेना.

"रुनेचंच सडलं असणार," सिक्स्टन म्हणाला. "जुनं झालंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मान डोलावली असती तर मी सुटले असते.

"नाही," मी म्हणाले. "बाबांनी बजावून ठेवलं होतं. चूक माझ्या भागाची."

गुनवोरने हातातल्या कागदावरचा ठराव खोडला नि नवा लिहून वाचला: "रुनेची पानं ठेवावीत. नवी काढून टाकावीत."

माझं तीन आठवड्यांचं काम! ठराव एकमताने मंजूर झाला, पण मोजणी दुसऱ्यांदा घ्यावी लागली. सभासद अठरा, हात एकोणीस.

मी दोन्ही वर केले होते!