रंगोजीरावांचा दुसरा कागद

एकाच दालनात अकरा वर्षं काढूनही रंगोजीराव सुब्बण्णांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण म्हणाल तर अजिबात नाही. सुब्बण्णांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला रंगोजीराव दोन बस बदलून जयनगरला गेले, केळीच्या पानावर दोनदा भात घेतला, नवरीच्या हातात पितळेचं निरांजन ठेवलं आणि वधूपित्याशी न बोलताच परत आले. मी विचारलं तर म्हणाले, "नियम आहे, अक्का. मी केलेला नाही. पण आहे म्हटल्यावर पाळायला नको?"

तो नियम सांगायचा तर आमचं काम सांगायला हवं. आज या शहरात जो तो कॉम्प्युटरपुढे बसतो. पन्नास-साठच्या त्या दिवसांत कॉम्प्युटर स्वतःच खुर्चीवर बसत, कारण ती माणसं होती. हजेरीपटावर नावापुढे तसा हुद्दाच असे. आमच्या प्रयोगशाळेत विमानांच्या लाकडी प्रतिकृतींवर जोराचा वारा सोडून मोजमापं घेत, आणि त्यांवरची लांबलचक गणितं हे कॉम्प्युटर करत. प्रत्येकापुढे एक लोखंडी मशीन, त्याला हँडल. सातने गुणायचं तर हँडल सात वेळा फिरवायचं. दिवसभर दालनात खर्र खर्र चालू.

एकच गणित दोघांना देत. रंगोजीराव या टोकाला, सुब्बण्णा त्या टोकाला, दोघांची तोंडं भिंतीकडे. संध्याकाळी दोन्ही कागद माझ्याकडे यायचे. मी आकड्याला आकडा लावून बघायची आणि जुळले की लाल पेन्सिलीने खूण करायची. वेगवेगळी बसलेली दोन माणसं सहसा एकसारखी चुकत नाहीत, एवढ्या विश्वासावर सगळं चालायचं. म्हणून त्या दोघांनी कामाविषयी बोलायचं नाही असा नियम होता. त्यातलं 'कामाविषयी' रंगोजीरावांनी आपल्या अधिकारात काढून टाकलं होतं. "बोलता बोलता तोंडातून आकडा सांडला तर जबाबदार कोण?"

मी बेळगावची, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, तापट म्हणून माहेरी प्रसिद्ध. रंगोजीरावांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बंगळूरला आलं आणि परत जायचं राहूनच गेलं. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असूनही पहिल्या दिवसापासून मी त्यांची अक्का झाले. आणि त्यांच्यापुढे माझा तापटपणा म्हणजे किस झाड की पत्ती.

त्यांना संतापायला कारण लागत नसे, नुसती सकाळ पुरे. डोक्यावरचा पंखा जोरात फिरला की, "वाऱ्याचे प्रयोग पलीकडच्या इमारतीत ना? मग माझ्यावर कशाला?" कॅन्टीनवाला कॉफीचा पेला काठापर्यंत भरत नाही म्हणून त्याला पेल्याचं आकारमान लिहून दिलं होतं. सगळ्यात मोठा राग होता तो आकडे तोडण्यावर. दशांशाच्या चार घरांनंतर पाच किंवा वरचा आकडा आला तर अलीकडच्यात एक मिळवायचा, चार आला तर सोडून द्यायचा, हे आपण सगळे शाळेत शिकतो आणि विसरतो. रंगोजीराव विसरले नव्हते. "पाच वर चढतो, चार मरतो. चाराने काय पाप केलं, अक्का? हा अन्याय आहे. स्वल्प आहे, पण अन्याय आहे." यावर त्यांनी साहेबांना रीतसर अर्ज केला होता.

परदेशात खोलीएवढं विजेवर चालणारं मशीन निघालंय आणि त्यालाही कॉम्प्युटर म्हणतात, हे पेपरात आलं तेव्हा तर दिवसभर त्यांचं हँडल नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरलं. "आमच्या जागेवर बसवा, सरी, चालेल. पण हुद्दा त्याला फुकट? आम्हाला तो परीक्षा देऊन मिळालाय."

त्यांचे सगळेच अर्ज काही वेडेपणाचे नव्हते. मोजमापांचा मूळ कागद रंगोजीरावांना मिळे आणि सुब्बण्णांना त्याची कार्बन प्रत, फिकट जांभळी. रंगोजीरावांनी लिहिलं की कार्बन मला द्या, मूळ कागद तिकडे द्या. साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'अर्जदाराला काम कमी आहे काय?' माणूस स्वतःसाठी वाईट मागतोय, हे सुद्धा त्या शहाण्याला कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं. मी हसले होते.

मग तो दिवस उगवला. साहेबांनी आमच्या आकड्यांवरून आलेख काढला. रेषा छान वळत होती आणि एकच ठिपका तिच्याबाहेर जाऊन बसला होता. मी दोन्ही कागद काढले. रंगोजीरावांच्या कागदावर ४८७१ हवं तिथे ४८१७. सुब्बण्णांच्या कागदावरही ४८१७. शेजारी माझी लाल खूण.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघं एकाच जागी एकच चूक करतात याचा अर्थ शाळेतल्या पोराला सुद्धा कळतो. मी कागद घेऊन तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी दोघांना बोलावलं आणि विचारलं, "नक्कल कुणी केली?"

सुब्बण्णांचे ओठ हलले. तेवढ्यात रंगोजीराव गरजले, "मी केली."

"तुम्ही?" साहेबांना खरंच वाटेना.

"मग? अकरा वर्षं तेच गणित दोघांना करायला लावता. माणूस कंटाळणार नाही? अन्याय तुमचा आणि चौकशी आमची?"

दुसऱ्या दिवशी त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली, पेन्सिली, कागद आणि हात धुवायचे साबण वाटायला. जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. मी मान वर केली नाही. नियमाच्या नावाने इतकी वर्षं आम्हाला वेठीला धरणारा माणूस नक्कल करतो, म्हणजे मी ज्याला चक्रम पण सच्चा समजत होते तो नुसताच चक्रम निघाला.

तिसऱ्या दिवशी सुब्बण्णा माझ्याकडे आले आणि कागदांचा एक गठ्ठा ठेवला. अक्षर रंगोजीरावांचं, जाड पेन्सिलीचं, एकेक आकडा अंगठ्याएवढा. सुब्बण्णा कानडीत हळू हळू बोलत होते.

"मला तीन आणि आठ वेगळे दिसत नाहीत, अम्मा. दोन वर्षं झाली. कार्बनवर तर काहीच दिसत नाही. एकदा आठने गुणायचं तिथे मी तीनच फेरे दिले. ते तिकडे पाठ करून बसलेले. त्यांनी माझ्या हँडलचे फेरे ऐकले. दुसऱ्या दिवशी जेवण करून आलो तर ड्रॉवरमध्ये असा कागद. तेव्हापासून रोज. मी आपल्या कागदावर उतरवून घ्यायचो."

"तुम्ही नको म्हणाला नाहीत?"

"कसं म्हणणार? आम्ही बोलत नाही."

निवृत्तीला त्यांची तीन वर्षं उरली होती आणि धाकटीचं लग्न व्हायचं होतं. डोळे गेल्याचं वर कळलं असतं तर त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

मला रंगोजीरावांची कीव यायला हवी होती. आला रागच, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. दोन वर्षं मी एकाच माणसाचे दोन कागद एकमेकांशी जुळवून ऐटीत लाल खुणा करत होते. तडक स्टोअरमध्ये गेले. रंगोजीराव साबणाच्या वड्या रचत होते.

"या विमानांत माणसं बसणार आहेत," मी म्हणाले. "दोन कागद कशासाठी असतात ते तुम्ही मला शिकवलंत. आणि दोन वर्षं दोन्ही कागद तुमचेच?"

ते भांडले नाहीत, याचीच मला भीती वाटली.

"मी दोनदा करत होतो, अक्का. सकाळी वरून खाली. जेवणाच्या सुट्टीत खालून वर. दुसरा पूर्ण झाला की त्यांच्या ड्रॉवरमध्ये."

"मग हे ४८१७?"

"दोन्ही वेळा तसंच वाचलं. माणूस एकच होता ना." वडी त्यांच्या हातातच राहिली. "तुमचं बरोबर आहे. मी केलं ते वाईटच केलं. इथे पाठवलं त्यात अन्याय काही नाही."

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. माझा आवाज खाली आला, पण मी सांगितलं की सुब्बण्णांना आता त्या टेबलावर बसवता येणार नाही. लगेच स्वारी मूळपदावर आली.

"इल्ला! घरी पाठवायचं नाही. त्यांचे डोळे गेलेत, बोटं नाही. मशीनचा एक दात घासला तरी त्यांच्या हाताला कळतं. तुमचा मेकॅनिक बोलावला की महिन्याने येतो. तेलपाणी, दुरुस्ती त्यांना द्या. बुद्धी नाही का कुणाला या इमारतीत?"

तशी चिठ्ठी मी साहेबांना दिली, मेकॅनिकच्या नावाने चांगली पानभर आगपाखड करून. डोळ्यांबद्दल लिहिलं नाही. ते लपवणं योग्य होतं असं आजही म्हणणार नाही, पण लिहिलं नाही. साहेबांनी आयुष्यात एकदा शहाणपणा केला आणि सुब्बण्णा मशीनच्या दुरुस्तीवर गेले.

पण ते पुढे. त्या दिवशी स्टोअरमधून निघताना मी विचारलं, "ज्या माणसाशी कधी बोलला नाहीत त्याच्यासाठी एवढं कशाला?"

रंगोजीराव भराभर साबण रचू लागले, दुकान बंद करायच्या घाईत असल्यासारखे.

"बायको जाऊन नऊ वर्षं झाली, अक्का. घरी कुणी नाही. इथे सकाळी मी गणित सुरू केलं की पाठीमागे तेच गणित सुरू व्हायचं. मी सात फेरे दिले की थोड्या वेळाने तिकडून सात. मग तीन, मग पाच. म्हणजे मी करतो ते बरोबर आहे, असं दिवसभर कुणीतरी सांगतंय."

"पण गेली दोन वर्षं ते तुमचंच उतरवून घेत होते."

"ठाऊक आहे. कुणाला संशय येऊ नये म्हणून हँडल नुसतंच फिरवायचे. काहीच्या बाही फेरे." त्यांनी शेवटची वडी नीट बसवली. "तरी बरं वाटायचं."