खरखर कुणाच्या घरची?

सोमवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून पक्कडराव म्हणाले, "थांब, मी बघतो."

बस्स, एवढंच. पण त्या घरात हे तीन शब्द उच्चारले गेले की बायको आधी उठून फुटण्याजोग्या वस्तू आतल्या खोलीत नेऊन ठेवायची. पक्कडराव वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत हेडक्लार्क होते. तिथे त्यांच्या हाती पेनाखेरीज काही नसे. त्याची भरपाई ते घरी करत. कचेरीतून आले की खिशात पक्कड असायचीच, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. (त्यांना तो किताब वाटायचा.)

त्या दिवशीचं दुखणं असं होतं की बुधवारी दुपारी बारा वाजता त्यांच्या बायकोची मुलाखत होती. बावीस वर्षं ती ग्रंथालयात काम करत होती आणि आता मुख्य ग्रंथपालाची जागा निघाली होती. निवड समिती दूरच्या शहरात बसणार, म्हणून मुलाखत व्हिडिओवर. सराव म्हणून तिने धाकट्या बहिणीला फोन लावला, आणि बहीण हसायलाच लागली.

"ताई, तू शिंकतेयस की बोलतेयस? तोंड उघडं ठेवून थिजलीयस नुसती!"

"मला तर तू स्वच्छ दिसतेस," बायको म्हणाली. ते वाक्य बहिणीपर्यंत पोचलं ते "मला तर तू स्व" एवढंच.

म्हणजे येणारं सगळं नीट येत होतं, जाणारं मात्र वाटेत अडखळत होतं. गंमत म्हणजे महिन्याभरापूर्वीच केबल कंपनीने गल्लीतली सगळी यंत्रणा बदलली होती. खांबांवर नव्या पेट्या, घरोघरी नवे मोडेम, आणि वर एक रंगीत पत्रक: 'आता अपलोड दसपट वेगाने!' पक्कडरावांनी मथळा वाचला आणि पत्रक चमच्यांच्या खणात अंथरलं.

कचेरीत रजा टाकून त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की मोडेम बंद करून पुन्हा चालू करा. त्यांनी केला. मग सांगण्यात आलं, आता दहा मिनिटं थांबा. ते थांबले. दहा मिनिटांनी बायको पुन्हा थिजली, या खेपेला डोळे मिटून.

पक्कडराव तावातावाने जिन्यात आले तर समोरच्या दारात मास्तर उभे. हे निवृत्त गणित शिक्षक, रोज व्हिडिओवरून नातीची शिकवणी घेत. "आमचीही तीच रड," मास्तर म्हणाले. "नात म्हणते, आजोबा, उत्तर यायच्या आतच तुमचा दगड होतो."

खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचे एक्स-रे जात नव्हते. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गिऱ्हाइकाला पाठवलेल्या ड्रेसचा फोटो गळ्यापर्यंतच पोचला होता. चौकशी करत पक्कडराव गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले ते अक्षरशः फुलून.

"अगं, सगळ्यांकडे तेच आहे!"

"यात आनंद कसला?"

"म्हणजे दोष आपल्या घरात नाही. कंपनीचा आहे. आता बघच तू!"

बायकोने शेवटची काचेची बरणी उचलली आणि आत नेली.

संध्याकाळपर्यंत अर्ज तयार झाला. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण केलेली सुधारणा ही आमच्यासाठी बिघाड ठरली असून...' अशी सुरुवात, चार पानं मजकूर आणि खाली एकतीस सह्या. मंगळवारी जिन्याखाली सभा भरली. बावीस माणसं आली. एवढे श्रोते पक्कडरावांना जन्मात मिळाले नव्हते. बोलण्याच्या भरात त्यांनी एक ठरावही मांडला: या खोळंब्याला जो कोणी जबाबदार असेल, त्याने गल्लीसमोर उभं राहून जाहीर माफी मागावी.

"जो कोणी?" मास्तरांनी विचारलं. गणिताच्या माणसाला मोघम शब्द खपत नाहीत.

"जो कोणी!" पक्कडराव गरजले आणि ठराव स्वतःच्या अक्षरात वहीत लिहून काढला. त्यांच्या डोळ्यांपुढे कंपनीचा मॅनेजर होता, शक्यतो टाय लावलेला.

बुधवारी सकाळी दहा वाजता मॅनेजर नाही आला. आली एक तिशीतली तंत्रज्ञ बाई, खांद्याला शिडी, गळ्यात मीटर. तिने चौपानी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "पहिला खांब कुठला?"

"आधी आमच्या भावना समजून घ्या," पक्कडराव म्हणाले.

"काका, भावना मीटरवर दिसत नाहीत. खांब?"

ती शिडी लावून वर चढली. खाली वीसेक माणसं माना वर करून उभी. मीटरच्या पडद्यावर सरळ रेषेऐवजी गवत माजल्यासारखं काहीतरी हलत होतं.

"ही खरखर," ती वरून म्हणाली. "कंपनीकडून घरी येतं ते नळाच्या पाण्यासारखं, घरोघर वेगळं वाटलं जातं. पण घरांतून जे परत जातं, ते सांडपाण्यासारखं. सगळ्यांचं मिळून एकाच पाइपातून. एका घराने त्यात चिंध्या टाकल्या की अख्खी गल्ली तुंबते. इथेही कुठलं तरी एकच घर खरखर सोडतंय."

जमावात कुजबुज झाली. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मॅनेजर हातचा गेला याचं पक्कडरावांना क्षणभर वाईट वाटलं, पण ते लगेच सावरले. "शोधा! अजिबात गय करू नका. आमचा ठराव झालेला आहे."

मग तपास सुरू झाला. बाई एकेका पेटीतून एकेक तार सोडवायची, मीटर बघायची आणि पुन्हा जोडायची. गल्लीची डावी बाजू निर्दोष सुटली. दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा दवाखाना उजव्या बाजूला आहे हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. उजव्या बाजूच्या तीन इमारतींपैकी दोन सुटल्या. उरली पक्कडरावांची.

"तरी मी म्हणतच होतो," पक्कडराव हलक्या आवाजात म्हणाले, "आपल्याकडे काही लोक निष्काळजी आहेत." शिवणकामाच्या बाईंकडे त्यांनी नको इतका वेळ पाहिलं.

बाईंची तार सोडवली. खरखर तशीच. दंतवैद्याची सोडवली, तशीच. साडेअकरा वाजले. पक्कडरावांची बायको वरून डोकावली. मुलाखतीसाठी तयार होऊन बसली होती बिचारी. "अहो, अर्धा तास राहिलाय!"

"पकडलाच समज!"

आता मास्तर आणि पक्कडराव, अशी दोनच घरं उरली होती. मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना मनोमन खात्रीच पटली होती की हे आपल्याच हातून घडलं असणार. पक्कडरावांनी मोठ्या मनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं, मास्तर. माफी दोन वाक्यांत उरका. मी आहे बाजूला."

मास्तरांची तार सुटली. गवत जागच्या जागी.

बाईने शेवटची तार सोडवली. पडद्यावरचं गवत कुणी विळ्याने कापावं तसं साफ झालं. त्याच क्षणी गल्लीतल्या खिडक्यांतून आवाज आले, "आलं! आलं! नीट झालं!"

"योगायोग असू शकतो," पक्कडराव म्हणाले. "पुन्हा लावून बघा."

तिने तार लावली.

"गेलं! गेलं!" खिडक्या ओरडल्या.

"एकदा आणखी."

"आलं!"

"शास्त्रात तीनदा..."

"काका," बाई शिडीवरून उतरली, "घर दाखवा."

घरात मोडेम नवा होता, तारही नवी होती. पण बाईने तार हातात धरली आणि तिच्या मागोमाग कपाटापाशी गेली. "ही आत कुठे जाते?"

"भिंतीत," पक्कडराव म्हणाले.

"माझ्या बाबांच्या टीव्हीला जाते," बायको म्हणाली. "बारा वर्षांपूर्वी ते राहायला आले होते. चित्र नीट दिसत नव्हतं, तर हे म्हणाले, थांबा, मी बघतो."

सगळ्यांनी मिळून कपाट ओढलं. मागे धुळीत एक डबी मिणमिणत होती, बारा वर्षं अखंड. चित्र जोरदार करण्यासाठी लावलेला बूस्टर. त्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर ठसठशीत हेडक्लार्की अक्षर: 'काढू नये. आदेशावरून.'

मास्तरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

बाईने मग शांतपणे सांगितलं. पूर्वी परतीच्या वाहतुकीला तारेत अगदी अरुंद पट्टी होती. नव्या यंत्रणेत ती रुंद केली, आणि त्यासाठी जुन्या टीव्ही चॅनेलांची जागा घेतली. हा बूस्टर बिचारा त्या काळातला. त्याला कुणी सांगितलंच नाही की आता इथून चॅनेल येत नाहीत, इथून गल्ली बोलते. तो आपला त्या जागेत महिनाभर इमानेइतबारे खरखर भरत होता. "आम्ही पत्रकात लिहिलं होतं ना, जुने बूस्टर काढून टाका म्हणून. मागच्या बाजूला, जाड अक्षरात."

बायकोने चमच्यांचा खण उघडला. पत्रक पालथं घातलेलं होतं. जाड अक्षरं वरच्याच बाजूला होती.

बाईने डबी काढली, तारेला नवी पिन बसवली आणि घड्याळ पाहिलं. बाराला सात मिनिटं. "मोडेम चालू होईल पाचात. कपाट आता हलवू नका, तार ताणली जाईल." बायकोने टेबल उचलून कपाट होतं त्या रिकाम्या जागी नेलं आणि सगळ्यांना बाहेर काढून दार ओढून घेतलं.

जिन्यात बावीस माणसं उभी होती. मास्तरांनी वही उघडली. ते वाईट मनाचे नव्हते, पण ठराव तो ठराव.

पक्कडराव एक पायरी वर चढले. घसा खाकरला. चार पानी अर्ज लिहिणाऱ्या माणसाने दोनच वाक्यांत उरकलं. म्हणाले, "चुकलं. माझंच होतं." मग शिवणकामाच्या बाईंकडे वळून, "तुमच्याकडे बघितलं तेही चुकलं." बाईंनी पाणी आणून दिलं. मास्तरांनी वहीत 'समाधानकारक' असा शेरा मारला.

पण आत काय चाललं असेल? पक्कडरावांना राहवेना. महिनाभर आपणच बायकोचं तोंड बंद केलं होतं, आणि आता ऐन मुलाखतीत मोडेम दगा देणार नाही ना, हा विचार डोक्यातून जाईना. फक्त दिवे हिरवे आहेत का एवढंच बघायचं. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून त्यांनी दार बोटभर लोटलं आणि चारही पायांवर, म्हणजे हातापायांवर, भिंतीकडेने रांगत आत शिरले. दिवे हिरवे होते. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तसेच रांगत मागे फिरले.

पाऊण तासाने बायको बाहेर आली. डोळे भरलेले, पण हसत होती.

"मिळाली! तोंडी सांगितलंच त्यांनी. आणि पाळीसुद्धा सकाळची दिली. खरं तर नव्या मुख्य ग्रंथपालाला संध्याकाळची असते."

जिन्यात एकच गलका झाला. पक्कडराव भरून पावले. जरा वेळाने त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "सकाळची कशी काय दिली गं?"

"टेबलाची जागा बदलल्यामुळे मागची सगळी खोली दिसत होती. अध्यक्षबाई मध्येच म्हणाल्या, तुमच्या मागे कोणीतरी रांगतंय."

पक्कडरावांचा चेहरा पडला, पण आशा सुटेना. "त्यांना लहान मूल वाटलं असेल, नाही?"

"कसं वाटेल हो? चित्र इतकं स्वच्छ होतं, टक्कलसुद्धा चमकलं. बाईंनी विचारलं, मिस्टर का? मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, मग यांना संध्याकाळी घरी एकटं ठेवू नका."