पाय पाण्यात, डोकं उन्हात

"बाबा, याला काही करायचं नाही," सुकन्या म्हणाली, आणि केसरीनाथांच्या आयुष्यातला सर्वांत कष्टाचा महिना सुरू झाला.

खाली रिक्षा उभी होती. मुलगा दीपेश बॅगा उतरवत होता. कंपनीने त्याला महिनाभर इंदूरला ट्रेनिंगला पाठवलं होतं आणि सुकन्याचं काम लॅपटॉपवर चालत असल्यामुळे तीही निघाली होती. मागे राहत होतं ते तिचं स्नेक प्लांट. हॉलच्या कोपऱ्यात, पांढऱ्या कुंडीत, पिवळ्या किनारीची नऊ ताठ पानं. कॉलेजात असताना घेतलेलं हे झाड तीन भाड्याच्या खोल्या, दोन नोकऱ्या आणि एक लग्न एवढ्यातून न कुरकुरता सासरी आलं होतं. पंधरा तारखेला एक पेला पाणी, त्यापलीकडे काही नाही, असं तिने जाता जाता पुन्हा सांगितलं.

केसरीनाथ वरवर गंभीर होते, पण आतून हरखले होते. रिटायर झाल्यापासून घरातलं एकेक खातं त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं होतं. दूध तीनदा उतू गेल्यावर गॅस गेला, भाजीवाल्याशी भांडण झाल्यावर पिशवी गेली. सून घरात येऊन आठ महिने झाले, पण दोघांचं बोलणं "जेवलीस का?" आणि "हो बाबा" याच्या पुढे सरकलं नव्हतं. आज तिने आपणहून त्यांच्यावर काहीतरी सोपवलं होतं. ते जसं दिलं तसं परत करायचं, म्हणजे झालं.

पण केसरीनाथ बत्तीस वर्षं भिवंडीच्या लूमवर जॉबर होते. शंभर मागांच्या खडखडाटात एक माग गप्प झाला तरी हातातला चहा टाकून पाना घेऊन धावायचं, ही त्यांची नोकरी. जे उभं आहे आणि गप्प आहे, ते बिघडलेलं आहे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आणि हे झाड दिवसभर उभं आणि गप्प.

चार दिवस त्यांनी कळ काढली. पाचव्या दिवशी कुंडीत बोट घातलं. माती कोरडी ठणठणीत. खारबावच्या भातशेतीत वाढलेल्या माणसाला हे बघवेना. त्यांनी अर्धा पेला पाणी घातलं. पत्नी वैशालीताईंनी स्वयंपाकघरातून सुनेच्या सूचनेची आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले की हे पाणी नाही, नुसती माती ओली केली. त्या दिवसापासून माती रोज ओली होऊ लागली. ती जरा जास्तच ओली राहते, हे काही केसरीनाथांच्या ध्यानात आलं नाही. ते दुपारी झोपले की वैशालीताई तांदळाचं धुवण त्यात ओतत होत्या. बिचारं लेकराचं झाड, उपाशी ठेवायचं कसं, असा त्यांचा वेगळाच हिशेब.

रोज संध्याकाळी सुकन्याचा व्हिडिओ कॉल येई. आधी झाड दाखवलं जाई, मग बोलणं वाढत जाई. इंदूरचे पोहे कसे असतात, लूमवर उभ्या धाग्यांचा ताणा कसा भरतात, दीपेश लहानपणी कशाला घाबरायचा. केसरीनाथांना या कॉलची सवय लागली. सहा वाजले की ते शर्ट बदलून बसत.

"तुम्ही काही करत नाही ना बाबा?"

"छे. काय करणार?"

बाराव्या दिवशी एक पान वाकलं. तेराव्या दिवशी तीन. केसरीनाथांनी पाणी दुप्पट केलं आणि खारबावला थोरल्या भावाला फोन लावला. भातकापणी उरकली होती, त्यामुळे लडकूदादाला वेळच वेळ होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने शेणखताची पिशवी घेऊन हजर झाला. त्याने झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, कुंडी उचलली, तिरकी करून खाली बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आरं केसरी, याच्या बुडाला भोक हाय."

"असतंच ते, दादा."

"आसतंच काय? बांध फुटलाय न् तू वरनं पानी वततोस. पानी ठरतंय कुठं?"

केसरीनाथांना हे पटलं. त्यांच्या बापाने फुटक्या बांधापायी रात्री जागवल्या होत्या. दोघा भावांनी मिळून कुंडीचं भोक सिमेंटने लिंपलं, वर शेणखत पसरलं आणि काठोकाठ पाणी भरून चिखल केला. "पाय पान्यात, डोकं उन्हात," लडकूदादा हात धूत म्हणाला. "हिरव्या जिवाला दुसरं काय लागत न्हाय." मग त्याने कुंडी खिडकीशी सरकवली, जेवला आणि समाधानाने गावी गेला.

पंधरा तारीख आली. त्या दिवशी एक पेला पाणी द्यायचं ठरलं होतं, म्हणून तेही दिलं.

विसाव्या दिवशी नऊच्या नऊ पानांनी मान टाकली. सहाला कॉल येणार होता. केसरीनाथांनी माळ्यावरून सुताचं बॉबिन काढलं, प्रत्येक पानाच्या टोकाला जॉबरच्या हाताची बारीक गाठ मारली आणि नऊ धागे वर पडद्याच्या दांडीला बांधले. पानं पुन्हा ताठ. शेजारचे अन्सारीभाई दारातून डोकावले आणि कौतुकाने बघत राहिले.

"केसरीभाई, घर में लूम बिठा लिया क्या?"

"ट्रायल है," केसरीनाथ म्हणाले.

कॉल आला. फोनवर धागे दिसत नव्हते. सुकन्या झाड बघून खूश झाली. तेवढ्यात दिवेलागणीची वेळ झाली म्हणून वैशालीताईंनी पडदा ओढला. दांडीवरच्या कड्यांबरोबर धागे सरकले आणि नऊ पानं एकाच वेळी डावीकडे झुकली, थांबली, मग हळूच कंबरेत वाकली.

सुकन्याचा चेहरा फोनच्या जवळ आला.

"बाबा, झाड हललं."

"वारा आहे."

"खिडकी बंद दिसतेय."

"आतला वारा," केसरीनाथ म्हणाले आणि तिकडे जेवण झालं का ते विचारलं. तिथे सहा वाजले होते.

त्यानंतर सुकन्याने झाड दाखवा असं म्हटलंच नाही. कॉल मात्र चालू राहिले. तिचं ते न विचारणं केसरीनाथांना जास्त लागलं. चोविसाव्या दिवशी त्यांनी एक पान हलकेच धरलं, तर ते मुळासकट नव्हे, मुळाशिवाय हातात आलं. बुडाशी नुसता काळा चिखल आणि असा वास, की वैशालीताईंना रडूच आलं, आणि रडता रडता त्यांनी धुवणाची कबुली देऊन टाकली. भांडायची सोय नव्हती, कारण दोघंही सारखेच गुन्हेगार होते.

लडकूदादाला फोन लागला. त्याने ऐकून घेतलं आणि एक मोठा श्वास सोडला. "मंग आता काय. वरचं चांगलं हाय ना? तुकडे कर न् लावनी कर."

केसरीनाथांनी सडका भाग कापून टाकला आणि उरलेल्या पानांचे वीतभर तुकडे केले. सतरा झाले. बाल्कनीत थर्माकोलच्या दोन खोक्यांत कोरडी रेताड माती भरली, दोरी लावून ओळी आखल्या आणि सतरा तुकडे खोचले. पाणी घालायला मात्र त्यांचा हात धजेना. त्या बाजूला बघायचीही लाज वाटत होती. बाल्कनीचं दार त्यांनी लावून घेतलं ते सुकन्या येईपर्यंत उघडलं नाही.

ती आली, त्या दिवशी ते शर्ट बदलून दारातच उभे होते. बॅग आत यायच्या आधी त्यांनी सांगून टाकलं.

"तू काही करू नका म्हणालीस. मी सगळं केलं."

भोक, सिमेंट, शेण, दादा, धागे, काही लपवलं नाही. वैशालीताईंचं धुवण तेवढं त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. सुकन्या चपला न काढता थेट बाल्कनीत गेली. खाली बसून तिने एकेक तुकडा निरखला. केसरीनाथ तिच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलत होती. रडतेय, त्यांना वाटलं. मग तिने तोंड वळवलं. ती हसत होती.

"बाबा, पानापासून नवीन झाड असंच करतात. सहा वर्षं मला कापायचं धाडस झालं नाही." तिने पुन्हा ओळीवरून नजर फिरवली. "आणि उलटा एकही लावला नाहीत. उलटा लावला तर मूळ धरत नाही."

"भाताचं रोप कोणी उलटं लावतं का?" केसरीनाथ जरा दुखावून म्हणाले.

"त्या दिवशी झाडाने मला नमस्कार केला तेव्हाच मी समजले."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही फोन उचलला नसता," सुकन्या म्हणाली. "मग ताणा कसा भरतात ते अर्धंच राहिलं असतं."

केसरीनाथांनी ती जेवली का ते विचारलं. ती नाही म्हणाली, आणि ताटावर बसून उरलेला ताणा भरून झाला.

दुसऱ्या दिवशी सुकन्याने बाल्कनीत एक खुर्ची मांडली. आता या सतरांकडे कोणी फिरकता कामा नये, तिने घरात जाहीर केलं. सासूबाई नाहीत, दीपेश नाही, गावाहून येणारे काका तर अजिबात नाहीत. ही ड्युटी बाबांची. केसरीनाथांनी विचारलं, की आपल्या हातून पुन्हा काही झालं तर? ती म्हणाली, एवढं सगळं करून झालेला माणूस आता दुसरा मिळायचा नाही.

एप्रिलात पहिल्या ओळीत मातीतून एक हिरवं टोक वर आलं, सुईएवढं. त्याच आठवड्यात लडकूदादाचा फोन आला. पुतण्याची हळद होती. मांडवाला माणसं कमी पडत होती, केसरीने चार दिवस आधीच यावं.

"हळदीला येतो, दादा. आधी नाही जमणार."

"आरं रिटायर मानूस तू. काय काम काढलंस येवढं?"

केसरीनाथांनी फोन कानाशी धरूनच खुर्ची दोन बोटं सावलीत सरकवली. समोर सतरा तुकडे उभे होते आणि गप्प होते.

"काही नाही," ते म्हणाले. "सकाळपासून तेच चाललंय. मान वर करायला फुरसत नाही."